पाणी कोणी मारलं?

गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "प्लास्टर वाळायला किती दिवस लागतील?" पूर्वी मी समजावत बसायचो, आता "आठ दिवस धरा" म्हणून मोकळा होतो. पण अण्णा, म्हणजे माझे वडील, सोबत असले की त्यांना राहवत नाही. "वाळलं की गेलं, साहेब," म्हणतात आणि तंबाखू मळायला लागतात. साहेब हसतात. म्हाताऱ्याला कोड्यात बोलायची खोड आहे, असं त्यांना वाटतं.

कोडं वगैरे काही नाही. चिखल वाळून घट्ट होतो, सिमेंट तसं होत नाही. त्याला घट्ट व्हायला पाणीच लागतं, आणि सिमेंट-पाण्याचं हे काम एका रात्रीत उरकत नाही. सात दिवस तरी भिंत ओली राहिली पाहिजे, उन्हाळ्यात दहा राहिली तर उत्तमच. मधेच पाणी तुटलं की सिमेंट अर्ध्यावर थांबतं. दिसायला भिंत तशीच दिसते. रंग लागतो, वास्तुशांत होते, पाहुणे जेवून जातात. मग दोनेक वर्षांनी कपाट हलवलं की मागच्या भिंतीचं पीठ हाताला लागतं, खिळा ठोकायला गेलं की खपली पडते. लोक म्हणतात, गवंडी चोर निघाला, सिमेंट कमी घातलं. घातलेलं असतं हो सिमेंट. पाणी मारलेलं नसतं.

म्हणून कुठं खराब प्लास्टर दिसलं तर अण्णा "कोणी केलं?" असं विचारत नाहीत. "पाणी कोणी मारलं?" असं विचारतात.

आमच्या कामावर या प्रश्नाचं उत्तर वीस-बावीस वर्षं एकच होतं. माय.

*

आमचं गाव लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात. तिकडे जमिनीच्या दोनच जाती, काळी आणि पांढरी. काळीत पिकतं, पांढरीवर माणसं राहतात. जुनी गढी ढासळली की तिची माती लोक बैलगाडीने घरी न्यायचे. तीच भिंतीला, तीच धाब्यावर. कुणाच्या पणजोबाची भिंत कुणाच्या छपरावर जाऊन बसायची, हिशेब कोणी ठेवत नव्हतं.

मातीचा गिलावा करायचा म्हणजे आधी पांढरी माती चाळायची, तिच्यात गव्हाचा भुसा आणि थोडं शेण टाकायचं, मधे आळं करून पाणी सोडायचं आणि आठ-दहा दिवस कुजू द्यायचं. रोज तुडवायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला असा आंबूस वास सुटतो की नवखा माणूस नाकाला रुमाल लावून पळेल. पण वास सुटला म्हणजे भुसा कुजायला लागला, आणि भुसा कुजला म्हणजे मातीला चिकटा आला. तुडवायला माय आणि शेजारच्या दोघी असायच्या, मीही मधे उड्या मारायचो. पायाच्या तळव्याला बारीक खडासुद्धा कळतो. माय न बघता वाकायची, घोट्याएवढ्या चिखलातून बोटाने खडा काढून बाहेर फेकायची.

'गिलावा' या शब्दातलं 'गिल' फारसी आहे. त्याचा अर्थच माती. हे मला फार उशिरा कळलं आणि उगाच बरं वाटलं. शब्द मातीचा आहे, सिमेंटने तो फुकटात उचलला.

अण्णा गिलावा करायचे एकदाच. पुढे त्या भिंतीची निगा राखायची ती बाईने. पावसाळा संपला की ओघळ बुजवायचे, दसरा-दिवाळीच्या आधी पोतेरं फिरवायचं, जमीन सारवायची. गवंड्याचा हात भिंतीला पिढीतून एकदा लागायचा, बाईचा दरवर्षी. तेव्हा हे काही डोक्यात आलं नव्हतं. नऊ वर्षांच्या पोराच्या डोक्यात काय येणार?

*

३० सप्टेंबर १९९३ बद्दल मी थोडक्यातच लिहिणार आहे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची ५२ गावं जमीनदोस्त झाली. आमचं गाव जरा बाजूला होतं. आम्ही मिरवणुकीहून उशिरा येऊन अंगणातच पसरलो होतो. आमच्या घराची एक भिंत आतल्या बाजूला पडली, अंगणात पडली नाही, म्हणून हे लिहायला मी आहे.

तिकडची भिंत कशी असायची? दोन-अडीच फूट जाड. बाहेरून दगडांची एक ओळ, आतून एक, मधल्या पोकळीत माती आणि चिपा. दोन्ही ओळींना बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. वर धाब्याच्या मातीचं मणामणाचं ओझं. जमीन हलली तशा दोन्ही ओळी एकमेकींपासून सुटल्या आणि वरचं सगळं झोपलेल्या माणसांवर आलं.

त्या भिंती अण्णांनी रचलेल्या नव्हत्या, त्यांनी कित्येकींना नुसता गिलावा केला होता. पण पुढे वर्षभर ते कामावर गेले नाहीत. पुनर्वसनाची कामं निघाली, गवंड्यांना शिकवायला माणसं आली, आरपार दगड कसा घालायचा, भिंतीच्या डोक्यावर काँक्रीटचा पट्टा कसा फिरवायचा, हे सगळं अण्णा शेवटच्या ओळीत बसून ऐकत होते. त्यांना हे शिकवणाऱ्या इंजिनिअरचं वय त्यांच्या थापीपेक्षा कमी असेल. घरी येऊन एवढंच म्हणाले, "आपण नुसतं झाकत होतो की."

*

१९९८ मध्ये आम्ही पुण्याला आलो. हिंजवडीत आयटी पार्क उभा राहत होता आणि त्याच्या आजूबाजूला वाकड, थेरगावकडे इमारतीच इमारती. सकाळी सातला मजूर अड्ड्यावर उभं राहायचं. गावात ज्यांना लोक 'मिस्त्री' म्हणायचे त्या अण्णांना इथे पहिले सहा महिने बिगाऱ्याचा रोज मिळाला, कारण त्यांचा हात मातीचा होता आणि इथली कामं सिमेंटची. माझं पंधरावं वर्ष सरत आलं होतं. दहावी झाली, आणि नंतर काय करायचं हा प्रश्न कोणी विचारला नाही.

प्लास्टर शिकणं म्हणजे थापी चालवायला शिकणं, असं मला वाटायचं. थापी महिन्याभरात येते. काँक्रीटच्या कॉलमला छिन्नीने टाचे मारायचे, नाहीतर गुळगुळीत अंगावर माल धरत नाही. वीट आणि काँक्रीटच्या सांध्यावर कोंबड्यांची जाळी ठोकायची, नाहीतर बरोबर त्या रेषेत तडा जातो. भिंत भिजवायची. ओळंबा सोडून जागोजाग मालाचे ठिय्ये लावायचे, म्हणजे जाडी कुठे किती ठेवायची ते कळतं. विटांचं काम सरळ असेल तर अर्ध्या इंचात भागतं, वाकडं असेल तर भिंत दीड-दोन इंच माल गिळते आणि ठेकेदार आपल्याकडे बघतो. मग थापीवर माल घेऊन मनगटाच्या झटक्याने मारायचा. चप्प असा आवाज आला पाहिजे. हे सगळं मी भराभर शिकलो.

आली नाही ती ओढ.

माल मारल्यावर भिंत त्यातलं पाणी ओढायला लागते. तिने नेमकं किती ओढलं की पाटा, म्हणजे माल सपाट करायची लांब पट्टी, फिरवायचा, हे कुणी सांगू शकत नाही. लवकर फिरवला तर अख्खा थर पाट्याबरोबर खाली येतो. उशीर केला तर पाटा नुसता वरून घसरतो, आणि रंधा, म्हणजे घासून गुळगुळीत करायची लाकडी फळी, मारायला जावं तर वाळू सुटून कुरकुरते. भिंतीभिंतीची ओढ वेगळी. भट्टीची वीट ढसाढसा पिते, काँक्रीट पीतच नाही. मे महिन्यात दहा मिनिटं, श्रावणात तासभर. अण्णा उलट्या बोटांनी भिंतीला हलकेच शिवायचे, जसं तापाच्या पोराच्या कपाळाला हात लावतात तसं, आणि म्हणायचे, "थांब." किंवा, "घे." मी विचारायचो, कसं कळलं? ते म्हणायचे, "चकाकी गेली न्हाई का." मला चकाकी दिसायची नाही. मला फक्त भिंत दिसायची.

एकदा मला धीर धरवला नाही. माल ढिला होता, ओढत नव्हता, आणि सुट्टी व्हायला अर्धा तास होता. शेजारच्या गवंड्याला करताना पाहिलं होतं तसं मी गोणीतलं कोरडं सिमेंट मुठीने भिंतीवर मारलं आणि वरून रंधा फिरवला. पाणी चटकन शोषलं गेलं. भिंत आरशासारखी झाली. मी खूश. ही वरची सिमेंटची साय पुढे आकसते आणि तिला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात, हे मला कुठे ठाऊक? अण्णा आले, बघितलं, काही न बोलता थापीच्या धारेने अख्खी भिंत वरपासून खालपर्यंत खरवडून टाकली. बोलली ती माय. तिला तो सगळा माल पुन्हा कालवून द्यायचा होता. "माझी मान मोडायली घमेली वाहून, आन् तू भिंतीला पावडर लावायलास व्हय रं?"

आजही कुठल्या साईटवर कोणी पोरगा कोरडं सिमेंट मारताना दिसला की मी ओरडतो, "पावडर नको." आता आमच्या सगळ्या टोळीत तो शब्द रुळलाय.

*

प्लास्टरचा हिशेब ब्रासवर होतो. शंभर चौरस फूट म्हणजे एक ब्रास. (वाळूचा ब्रास वेगळा, तो शंभर घनफूट. यावरून नवशिक्याची फजिती करायची आमच्याकडे पद्धत आहे.) आतल्या भिंतीला अर्धा इंच जाडी आणि एकास चार माल (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) धरला तर ब्रासला साधारण एक गोणी सिमेंट जातं. बिल करताना खरी झटापट खिडक्या-दारांवरून. बारीकसारीक भोकांची वजावट करायची नाही, मोठ्या खिडकीची एका बाजूची करायची, कारण तिच्या आतल्या कडा आणि धारा काढायला सपाट भिंतीपेक्षा जास्त वेळ जातो. हे आम्हाला माहीत, ठेकेदाराला माहीत, तरी दर वेळी टेप घेऊन भांडण ठरलेलं.

माझ्या हातात हिशेबाची वही आली तेव्हा मी एका ठेकेदाराला विचारलं होतं, पाणी मारायचे पैसे कुठे लावायचे? तो म्हणाला, "ते दरात धरलंय."

म्हणजे माय दरात धरलेली होती.

तिचा दिवस सांगतो. सकाळी सहाला साईटवर जाऊन कालच्या, परवाच्या, तेरवाच्या भिंतींना पाणी. मग आमचं गवंडीकाम सुरू व्हायच्या आत वाळू चाळून ठेवायची. दिवसभर माल कालवणं, घमेली उचलून घोडीवर, म्हणजे उभं राहायच्या मचाणावर, चढलेल्या गवंड्याच्या हातात देणं. दुपारी भाकरी खाऊन परत पाणी. संध्याकाळी आम्ही थापी धुवून बसलो की तिसरं पाणी. लिफ्ट नसायची. चौथ्या मजल्यावर ड्रम भरलेला असला तर नशीब, नाहीतर खालून हंड्याने. पहिल्या दिवशी जोराने मारायचं नाही. भिंत कोवळी असते, वाळू धुपून जाते. बोटांनी शिंपडायचं. दुसऱ्या दिवसापासून डबड्याने, आणि तेही वरून खाली, म्हणजे एकाच पाण्यात सगळी भिंत निथळते. बाहेरच्या प्लास्टरला परांचीवर चढून पाणी मारायला पुरुष बिगारी लावायचे, पण तो चार डबडी फेकून उतरला आहे हे तिला खालूनच कळायचं. भिंतीचा रंग सांगतो. मग त्याच्याशी तिचं वाजायचं.

साईटवरचे सुपरवायझर भिंतीवर खडूने तारीख टाकतात, म्हणजे पाणी किती दिवस झालं ते कळावं. मायला तारीख वाचता येत नव्हती. ती विटेचा तुकडा घेऊन प्रत्येक भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात एकेक रेघ ओढायची. सकाळ-दुपार-संध्याकाळ झाली की एक उभी रेघ. सात रेघा झाल्या की आडवी काट मारून मोकळी. वाकड, थेरगाव, पिंपळे सौदागरच्या कितीतरी हॉलमध्ये सोफ्याच्या मागे, पुट्टी आणि रंगाच्या खाली, त्या सात रेघा असतील.

मामाच्या पोरीच्या लग्नाला अण्णा आणि मी गेलो, माय मागे राहिली. तीन फ्लॅटचं पाणी चालू होतं. सुपारी फुटल्यापासून ती त्या लग्नाबद्दल बोलत होती. आम्ही परत आलो तेव्हा तिने आधी नवरीच्या साडीचा रंग विचारला. तो आम्हा दोघांनाही सांगता आला नाही.

*

सिमेंट बोटं खातं. कालवताना, शिंपडताना बोटांची पेरं सतत ओली असतात, त्यात सिमेंटचा क्षार. आधी कातडी पांढरी होते, मग पातळ, मग टाचणीने टोचावीत तशी बारीक भोकं पडतात. मिठाचा कण लागला तरी झोंबतं. रात्री खोबरेल लावायचं आणि सकाळी परत जायचं. हातमोज्यांनी घमेलं निसटतं, असं ती म्हणायची. मीही तेच म्हणायचो, आणि आज माझ्या टोळीतल्या पोरांना मोजे घाला म्हणून शिव्या देतो.

पुढे रेशनच्या दुकानात अंगठ्याचं यंत्र आलं. मायचा अंगठा त्याला कळेना. उजवा, डावा, तर्जनी, मधलं बोट, पदराला पुसून, ओलं करून, फुंकर मारून. मागे रांग. दुकानदार बिचारा भला होता, तोही वैतागला. यंत्राला रेघा लागतात आणि तिच्या बोटांवर रेघाच उरल्या नव्हत्या. शेवटी कार्डावर माझं नाव होतं म्हणून माझ्या अंगठ्यावर धान्य मिळालं.

बांधकाम कामगारांसाठी तेव्हा १९९६ चा कायदा होता. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर लागायचा, त्यातून महाराष्ट्रात कामगारांचं कल्याणकारी मंडळ चालायचं. नोंदणी करायची तर वय १८ ते ६० च्या मधे लागायचं आणि मागच्या वर्षभरात किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला लागायचा. अण्णांना दाखला मिळाला. मायला कोण देणार? हजेरी वहीत तिचं नावच नव्हतं. अण्णांच्या नावापुढे "जोडी" लिहिलेलं असायचं, आणि पैसे अण्णांच्या हातात. एका ठेकेदाराला मी म्हटलं, सही करा, तुमच्याच चार इमारतींवर होती ती. तो म्हणाला, "अरे पण ती कुठे कामाला होती, ती तर तुमच्यासोबत असायची." त्याचा कावा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याचंच वाईट जास्त वाटलं. ती साठीला पोचेपर्यंत मी दाखल्यासाठी फिरलो आणि मग फिरायचं कारणच उरलं नाही.

*

एकदा घृष्णेश्वराच्या दर्शनाला गेलो होतो तेव्हा वेरूळची लेणीही बघितली. लोक कैलास लेण्याकडे मान वर करून बघत होते आणि अण्णा एका कोपऱ्यात छताला उरलेल्या गिलाव्याच्या पापुद्र्याकडे. "मातीच हाय," म्हणाले. "पण भुसा न्हाई. दुसरं कायतरी हाय तंतूवाणी." हात लावायला गेले तर रखवालदार ओरडला. २०१६ मध्ये पेपरात आलं की वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले आहेत, त्यामुळे तो कीड न लागता दीड हजार वर्षं टिकला. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तिथे किड्यांनी नासधूस जास्त केली आहे. मी बातमी वाचून दाखवली. अण्णांना तंतूचं आपण ओळखलं होतं याचा आनंद झालाच, पण भांग म्हटल्यावर दिवसभर हसत होते. "म्हणूनशान एवढी शांत उभी हाय भिंत."

चुन्याचं काम मात्र आम्ही एकदाच केलं, पेठेतल्या एका वाड्याच्या दुरुस्तीत. कळीचा चुना विझवायचा, महिनोन्‌महिने पाण्यात ठेवायचा, त्यात गुळाचं पाणी, बेलफळ. किल्ल्यांवर चुन्याच्या घाण्याची गोल चर आणि दगडी चाक तुम्ही पाहिलं असेल, ते यासाठीच. चुन्याची तऱ्हा न्यारी, तो भट्टीत गमावलेला वायू पुन्हा हवेतून खेचून घेऊन दगड व्हायला बघतो, आणि त्याला घाई अजिबात चालत नाही. अण्णांना ते काम फार आवडलं. मला परवडलं नाही.

*

तेच २०१६ साल. पुण्यात अठरा वर्षं दुसऱ्यांच्या भिंती केल्यावर आम्ही गावाकडे स्वतःचं घर बांधायला काढलं होतं. तीन खोल्या, वर स्लॅब, पक्कं. माळवदाच्या जागेवरच. जानेवारीत विटांचं काम उरकलं. प्लास्टरला मार्च उजाडला.

त्या वर्षी लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे सगळ्या देशाला ठाऊक आहे. एप्रिलमध्ये मिरजेहून पहिली गाडी आली, टीव्हीवर दिवसभर तेच. ते शहराचं झालं. आमच्या गावात टँकर यायचा. आला की हंडे-घागरींचा जो खणखणाट उठायचा त्यावरून अख्ख्या गल्लीला कळायचं.

प्लास्टर आम्हीच केलं, अण्णांनी आणि मी. एवढं मन लावून आम्ही कधी काम केलं नव्हतं. कोपरा न् कोपरा गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात. रात्री टॉर्च भिंतीला चिकटवून तिरका उजेड टाकला तर कुठे सावली नाही. कालवायला लागणारं पाणी मी औशाहून विकत आणलं होतं. पाणी मारायलाही दोन टाक्या सांगून ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय डबडं घेऊन ओट्यावर आली. समोरच्या घरातली म्हातारी तिच्या रिकाम्या घागरीवर हात ठेवून बसली होती. काही म्हणाली नाही, बघत होती नुसती. मायने दोन डबडी मारली. तिसरं भरलं आणि तसंच धरून उभी राहिली. भिंतीवरून ओघळलेलं पाणी जोत्याच्या मातीत मुरत होतं. मग तिने टाकीचं झाकण लावलं आणि म्हातारीला हाक मारली, "मावशे, घागर आण."

संध्याकाळपर्यंत टाकी रिकामी झाली. दुसरीही तशीच गेली. मी चिडलो, खोटं कशाला बोलू. आयुष्याची कमाई होती ती. अण्णा काही बोलले नाहीत. रात्री मायने गोणपाटं ओली करून भिंतींवर टांगली, भांडी घासलेलं पाणी गाळून त्यांच्यावर शिंपडत राहिली. चार दिवस चाललं तेवढं. भिंतीच्या कोपऱ्यात विटेच्या रेघाही ओढल्या, पण चारच.

आमच्या घराला भेगा आहेत. केसाएवढ्या, जास्त करून पश्चिमेच्या भिंतीला. कोणी पाव्हणा आला की बघून म्हणतो, एवढे मोठे मिस्त्री तुम्ही आणि घराचं असं? अण्णा नुसते तंबाखू मळतात. भेगा भरून रंग लावायचं मी दोनदा काढलं. माय म्हणते, "राहू दी."

*

आता माझं काम जास्त करून जिप्समचं. राजस्थानातून येणारा हा दगड तापवला की त्यातलं बरंचसं पाणी उडतं, भुकटी होते. भुकटीत पुन्हा पाणी घातलं की अर्ध्या तासात परत दगडासारखी होऊन बसते. प्लास्टर ऑफ पॅरिस ते हेच. अण्णांचं मनगट मोडलं होतं तेव्हा डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, तर ते घट्ट होताना गरम झालेलं बघून अण्णांनी डॉक्टरांनाच विचारलं, "ह्याला वाळू नाही का घालत?" त्या खोलीत बराच वेळ कोणाला काम सुचलं नाही.

जिप्समला वाळू लागत नाही, चाळण लागत नाही. पंचवीस किलोच्या गोणीत अर्धा इंच जाडीने वीस-एकवीस चौरस फूट होतं. गोणीवर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं की पाणी मारायची गरज नाही. ही काही थाप नाही. उलट पाणी मारलं तर ते खराब होतं. बिल्डर खूश, कारण आठवडा वाचतो. पाणी वाचतं, आणि टँकर बघत लहानाचा मोठा झालेला माणूस मी, मला ते वाईट म्हणता येत नाही. ऑफिसांमध्ये तर भिंतच राहिली नाही, पत्र्याच्या चॅनेलवर दोन्हीकडून बोर्ड स्क्रूने आवळले की झालं. ओढ बघायला नको. माझ्या टोळीत पश्चिम बंगालची पाच पोरं आहेत, हात असा चालतो की बघत राहावं. त्यांना 'ओढ' हा शब्द मी अजून शिकवलेला नाही. लागलाच नाही कधी.

मागच्या महिन्यात माय पुण्याला आली होती. गुडघे धरलेत, जास्त चालवत नाही, पण साईट बघायची म्हणाली. बाणेरला एका फ्लॅटचं काम चालू होतं, तिथे नेलं. हॉलची भिंत सकाळीच झाली होती, पांढरीशुभ्र. तिने बोटाच्या मागच्या बाजूने शिवून बघितलं, मग पेरांनी ठोकलं. आवाज भरीव आला. मान हलवली. मी फोनवर बोलत गॅलरीत गेलो तेवढ्यात तिने तिथल्या बादलीत हात बुडवला असणार, कारण आतून पोरगा ओरडला, "मौसी, पानी नहीं! इसको पानी नहीं मारना!"

मी आत आलो. ती ओला हात तसाच धरून उभी होती. मी सांगितलं, याला पाणी लागत नाही.

"उद्याबी न्हाई?"

"नाही."

"मंग सकाळच्याला कोण येतंय?"

"कोणीच नाही. परवा डायरेक्ट रंगवाला."

तिने हॉल बघितला, किचन बघितलं, दोन्ही बेडरूममध्ये डोकावून आली. कोपऱ्यात कोणीच बसलेलं नव्हतं, चाळण नव्हती, घमेल्याला टेकवलेली चुंबळ नव्हती, झोळीत झोपवलेलं पोर नव्हतं.

"म्हंजी बायाबी लागत न्हाईत आता," ती म्हणाली, आणि हात पदराला पुसला.